सवड आणि सावड

कार्तिकातल्या सकाळी उमललेल्या बोंडाला हात लावला की कापूस आधी गार लागतो, मग ओलसर, आणि क्षणभर मुठीत धरून ठेवला की हळूहळू आपल्याच तळव्याची ऊब घेत जातो. दवाने भिजलेल्या पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या झाडांचा वास त्यात मिसळलेला असतो. थोडा हिरवट, थोडा तुरट, नाकाशी रेंगाळणारा. दर दिवाळीत मी शहरातल्या, पुंडलिकनगरच्या घराला कुलूप लावते आणि खुलताबादजवळच्या माहेरच्या गावी जाते, ती भावाला ओवाळायला, असं सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे मी त्या वासाला भेटायला जाते. भावालाही हे ठाऊक आहे, आणि म्हणूनच तो ओवाळणीत हात आखडता घेतो, असा माझा जुना संशय आहे.

त्या रानातून चालताना बालपण आठवतं आणि एक कोडं दरवेळी नव्याने पडतं. आमचा खेळ नेमका कुठे संपत होता आणि काम कुठे सुरू होत होतं? सुटलेल्या शेळीमागे धावणं हा खेळ होता की काम? आई कधी “काम कर” म्हणाली नाही, ती म्हणायची, “जरा हात लाव.” त्या इवल्याशा हाताचा घराला कितपत उपयोग होत असेल देव जाणे, पण त्या हाताला घर कळत होतं, ऋतू कळत होते, आईच्या पाठीतली कळसुद्धा कळत होती. आज मागे वळून पाहताना त्या श्रमाला मी शिक्षा म्हणू शकत नाही.

पण शाळेत माझ्याशेजारी कुसुम बसायची. माझे पाढे अडखळत चालायचे तेव्हा तिचे सरळ पळायचे. एका वर्षी वेचणी सुरू झाली आणि ती “कापूस सरेपर्यंत” म्हणून आईबरोबर दुसऱ्यांच्या रानात वेचायला गेली. कापूस सरला, हरभरा आला, मग गहू आला. कुसुम आली नाही. आजही गावात भेटली की ती माझे दोन्ही हात हातात घेते आणि माझ्या मुलांची आस्थेनं चौकशी करते. शाळेचा विषय मात्र आम्ही दोघीही काढत नाही. म्हणून चौदा वर्षांखालच्या लेकरानं दुसऱ्याच्या रानात कामाला जायचं नाही, फक्त शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत घरच्या कामाला हात लावावा, हा सरकारचा नियम मला मनापासून पटतो. तो थोडा आधी आला असता, आणि आमच्या शिवारापर्यंत पोचला असता, तर किती बरं झालं असतं.

आता सावडीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरूनच घडलं. आमच्याकडे लहान शेतकऱ्यांची दोन-तीन घरं मिळून सावड धरतात. आज तुमच्या घरच्या बाया आमच्या रानात, उद्या आमच्या घरच्या तुमच्या रानात. मजुरी कुणी देत नाही, कुणी मागत नाही. ज्या हातानं आपल्याला मदत केली त्याच्या मदतीला आपण जायचं, हीच फेड. माझ्या वहिनीची सावड आहे धुऱ्यापलीकडच्या, म्हणजे शेताच्या बांधापलीकडच्या पारूकाकूशी. साठी ओलांडलेली, अंगानं काडी, पण आवाज असा की दोन वावरं पलीकडचा बैलही कान टवकारेल. गेल्या दिवाळीच्या तोंडावर पारूकाकू आणि तिच्या दोन सुनांनी आमचं रान वेचून दिलं. मग त्यांचं रान पांढरंशुभ्र फुटलं आणि वहिनीची पाळी आली, तर वहिनी न्हाणीतल्या दगडावर घसरली आणि हात प्लास्टरमध्ये घालून बसली.

“आईच्या जागी मी जाणार,” असं माझ्या भाचीनं, श्रावणीनं, जाहीर करून टाकलं. ती सहावीत आहे. तिच्या बोलण्यात परवानगी मागण्याचा सूर सहसा नसतो. तेवढं ती माझ्यावर गेली आहे.

मी जरा चमकले, पण वहिनी निर्धास्त होती. सुट्ट्या लागण्याआधी शाळेत पालकांची सभा झाली होती आणि सरांनी नियम वाचून दाखवला होता. एका हातानं पुऱ्यांचं पीठ चाळत ती मला म्हणाली, “ताई, सरकारनं बी सावड धरलीय आता. लेकरांनी सावडीनं घरच्या कामात मदत केली तर चालतंय, आसं कागदातच हाय.” मला नवल वाटलं. सावड हा शब्द सरकारला माहीत असावा, आणि तो त्यानं कागदात लिहावा! पण सरकारबद्दल चांगलं ऐकायला मिळण्याचे प्रसंग एवढे थोडे, की मी फार खोलात शिरले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रावणीनं आईचं फडकं कमरेला दोन वेढे देऊन बांधलं, कापूस भरायला त्याची ओटी केली, आणि आम्ही दोघी निघालो. धुऱ्यावर पारूकाकू वाट बघतच होती. तेवढ्यात डेअरीत दूध घालून गाडीवरून परतणारे श्रावणीचे सर आम्हाला पाहून थांबले. ते गावातच राहतात. तरुण आहेत, बोलायला मऊ आहेत. “काय श्रावणी, कुणाच्या रानात?” त्यांनी विचारलं. “पारूआज्जीच्या. सावडीनं,” श्रावणी वर्गात उत्तर द्यावं तसं ठणकावून म्हणाली. सर आधी हसले, मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं आणि हसू मावळलं. “अगं, सावड नाही. सवड. सवडीनं, म्हणजे मोकळ्या वेळात. आणि तेही आपल्या घरच्याच कामात. दुसऱ्याच्या रानात नाही चालत, बेटा.”

एक काना! तेवढ्यावर सगळ्या सभेतल्या बाया फसल्या होत्या, आणि त्यांच्यामागून मीही. सवड हा शब्द त्यांच्या कानावर फारसा पडतच नाही, तर त्यांनी ऐकावा तरी कसा? ओळखीचा शब्द कानाशी आला आणि त्यांनी तो घरात घेतला.

पारूकाकूनं क्षणाचाही विलंब न लावता श्रावणीच्या कमरेची गाठ सोडली. “मंग नगं माय. साहेबलोकाचं लचांड कुठं मागं लावून घ्यायचं? ज्याचं लेकरू त्याच्या रानात बरं.” त्यात राग नव्हता, नुसती भीती होती. पण श्रावणीचा चेहरा एकदम उतरला. “आज्जी, मी काय परकी हाय का?” तिनं विचारलं. पारूकाकू फडक्याची घडी घालत राहिली आणि सर गाडीच्या हँडलकडे बघत राहिले.

नियमाला धुरा लागतोच. आपलं रान कुठे संपतं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू होतं हे त्यानं आखून दिलं नाही, तर कुसुमला कोण राखणार? आणि सावडीचं सगळं सामर्थ्य तर तो धुरा विसरण्यात. सावड आणि सावडणं हे शब्द माझ्या कानाला सख्खे वाटतात. सावडणं म्हणजे विखुरलेलं मायेनं गोळा करणं. कुसुमच्या वाट्याला सावड आली, सवड कधी आलीच नाही. आणि आमच्या पुंडलिकनगरातल्या मुलांना सवड आहे, पण त्यांना बोलवायला धुऱ्यावर कुणी उभं नाही. या पोरीला दोन्ही मिळावं, असं मागणं जास्त होतं का?

शेवटी मी पारूकाकूच्या हातातलं फडकं घेतलं आणि माझ्या कमरेला बांधलं. त्याचा एकच वेढा बसला, तोही ओढूनताणून. “वहिनीची पाळी मी फेडते,” मी म्हटलं. पारूकाकूनं मला आपादमस्तक न्याहाळलं. “इमल, तुह्यानं वाकणं व्हईल का?” विमलची इमल मी फक्त याच गावात होते. सर गंभीरपणे म्हणाले, “नियमात वरच्या वयाची अट नाहीये, ताई.” मग मात्र सगळे हसले, श्रावणी सोडून.

वेचणी मी कशी केली ते विचारू नका. पारूकाकूच्या सुना तासामागून तास, म्हणजे ओळीमागून ओळ संपवत पुढे गेल्या आणि मी मागे एकेका बोंडाची समजूत काढत राहिले. वाळलेल्या टोकांनी बोटं ओरखडली, कंबर बोलू लागली. पण दर वेळी सरळ होताना मला धुऱ्यावरच्या लिंबाखाली गुडघ्यांत तोंड घालून बसलेली श्रावणी दिसायची, आणि मी पुन्हा वाकायचे.

दुपारी भाकरी सोडली तेव्हा पारूकाकूनं तिला हाक मारली. ती आली नाही. “मी काम नाय केलं,” तिथूनच म्हणाली. एवढ्याशा पोरीला भाकरीचा हक्क कामानंच मिळतो असं कुणी शिकवलं असेल? कुणीच नाही, आम्ही सगळ्यांनीच. पारूकाकू उठली, अर्धी भाकरी आणि ठेचा घेऊन लिंबाखाली तिच्याशेजारी जाऊन बसली. बोलली हळू, पण तो आवाज लपणार कसा? आम्हाला सगळं ऐकू आलं.

“ऐक माय. तुह्या आईची पाळी इमलनं फेडली. पण तू कमरेला ओटी बांधून आल्ती, ती तुही पाळी येगळी. ती म्या आज घेतली नाय. माह्याकडं ठिवलीय. शीक, मोठी व्हय, मंग ये.”

“किती मोठी?”

“ते सरांना इचार. कागदात आसंल.”

श्रावणीनं विचारलं, “मंग मी सावडीत हाय ना?”

“हायेस की. जिची फेडायची ऱ्हायली ती सावडीत. फिटली की सुटली.”

श्रावणीनं भाकरीचा तुकडा मोडला.

आणखी काही वर्षांनी ती शिकायला माझ्याकडे शहरात येईल, असं भाऊ आणि मी ठरवतो आहोत. परवा फोनवर तिला सांगितलं तेव्हा ती खूश झाली. वसतिगृह नको, गॅलरीजवळची खोली मला हवी, इथपर्यंत तिनं बोलून घेतलं. मग तिचा आवाज बदलला. “पण आत्या, मी तिकडं आले तर आज्जीची पाळी कवा फेडायची?”

मी म्हटलं, “राहिली तर राहू दे गं.”



“हां,” ती म्हणाली, “ऱ्हाऊच दे. फिटली तर सावड सुटंल.”