कॅम्पर आणायला बाबांबरोबर

अ‍ॅमस्टरडॅमहून सकाळची आगगाडी सुटली तेव्हा बाबांच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती. तिच्यात दोन पाने, एक टेस्टर आणि जुना बनियन फाडून केलेली फडकी. हे सगळं त्यांनी कराडहून सामानात आणलं होतं. जावई सायकल चालवतात, तर कधीतरी लागेलच, असा त्यांचा हिशोब.

आम्ही जर्मनीत ओस्नाब्र्युकजवळच्या एका खेड्यात जुनी कॅम्परव्हॅन घ्यायला निघालो होतो. निखिलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सुटी मिळाली नाही. म्हणून बाबांना म्हटलं, तुम्ही चला. खरं कारण वेगळं होतं. आई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच आमच्याकडे, अ‍ॅमस्टरडॅमलगतच्या डीमनला आले होते आणि महिन्याभरातच परतीचं तिकीट अलीकडे घेता येईल का, असं विचारू लागले होते. एसटीच्या वर्कशॉपमध्ये पस्तीस वर्षं काढलेला माणूस चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून दिवसभर ट्राम बघत बसायचा. मी शहरातल्या झुइडास भागातल्या ऑफिसातून घरी यावं, तर ते त्याच खुर्चीत.

ओस्नाब्र्युकहून बसने पाऊण तास. दोन्हीकडे मक्याची शेतं, लाल विटांची घरं. थांब्यावर गाडीच्या मालकीणबाई, हेल्गाबाई, स्वतः उभ्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, उंच, अंगात नवऱ्याचा वाटावा असा ढगळ स्वेटर. इंग्रजी जेमतेम. घरी नेऊन त्यांनी आधी कॉफी आणि फ्लाउमेनकूखन (आलुबुखाराचा आंबटगोड केक) पुढे केला. बाबांनी दोन तुकडे खाल्ले. आमच्या घरी त्यांना कशाचाही दुसरा तुकडा घेताना मी पाहिलं नव्हतं.

गाडी अंगणात उभी होती; नवरा गेल्यावर त्यांनी ती विकायला काढली होती. पांढरी, वीस वर्षांची, डिझेलची. आत दोघांपुरता पलंग, शेगडी, फुलाफुलांचे पडदे. बाबांनी बॉनेट उघडलं, इंजिन सुरू करायला लावलं आणि डोळे मिटून ऐकत राहिले. मग मला म्हणाले, "शुभा, ही गाडी कुणीतरी जिवापाड सांभाळलीय. घे."

व्यवहार ठरला. कागदांवर सह्या झाल्या. निर्यातीच्या तात्पुरत्या नंबरपाट्या, कडेला लाल पट्टा असलेल्या, बाबांनी स्वतः बसवल्या. हेल्गाबाई किल्ली आणायला आत गेल्या आणि बाहेर येईनात. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. मला परतीच्या रस्त्याची काळजी. दारावर टकटक करायला निघाले, तर बाबांनी हात धरला.

"थांब. त्यांना वेळ घेऊ दे."

मग गाडीच्या पायरीवर बसून, माझ्याकडे न बघता ते बोलले. "तुझ्या आईची स्कूटर मी आठवड्यात विकली. डोळ्यासमोर नको म्हणून. घेणारा घेऊन गेला तेव्हा बाहेरसुद्धा आलो नाही. आता रोज वाटतं, एकदा चालवायला हवी होती."

आई गेल्याला दीड वर्ष झालं होतं. इतक्या दिवसांत तिच्याबद्दल ते इतकं सलग पहिल्यांदाच बोलत होते. मी शेजारी बसले.

हेल्गाबाई आल्या तेव्हा डोळे लाल होते. बाबांनी मला सांगितलं, विचार त्यांना, एक चक्कर मारायची का. मी विचारलं. त्यांनी क्षणभर आमच्याकडे पाहिलं आणि किल्ली घेऊन थेट चालकाच्या जागी जाऊन बसल्या. बाबा शेजारी, मी मागे पलंगावर. चर्चला वळसा, तळ्याकाठचा रस्ता, मग जंगलाच्या कडेने परत. त्या जर्मनमध्ये काहीतरी सांगत होत्या, बाबा मराठीत "हो, हो" म्हणत होते. अंगणात शिरल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं, स्टिअरिंगवर एकदा हात फिरवला आणि किल्ली माझ्याऐवजी बाबांच्या हातात दिली.

इतकी लांब गाडी मी आयुष्यात पहिल्यांदा चालवत होते. सरहद्द ओलांडून नेदरलँड्समध्ये शिरलो आणि पाऊस सुरू झाला. वायपर दोनदा हलून थांबले. घाबरत घाबरत पुढच्या पार्किंगमध्ये शिरले. बाबांनी टेस्टर काढला, जळलेला फ्यूज शोधला, दुसरीकडचा काढून तिथे बसवला. "रेडिओ गेला," म्हणाले, "बाकी ठीक." डेव्हेंटरला आयसेल नदी ओलांडताना पाऊस थांबला. तिथे आम्ही ब्रोट्ये क्रोकेट (पावात घातलेला तळलेला लांबट गोळा) खाल्लं. बाबांच्या मते तो चटणी विसरलेला वडापाव होता.

खरी परीक्षा आठवड्याने झाली. बाहेरून आणलेली गाडी इथे केउरिंगला (सरकारी तपासणीला) न्यावी लागते. तपासणाऱ्या बाईंनी चासीवरचा क्रमांक पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. कागदावर शेवटचा आकडा आठ, गाडीवर मात्र तीन दिसत होता. क्रमांक जुळला नाही तर नोंदणी नाही, त्या शांतपणे म्हणाल्या. बाबांनी काय झालं ते विचारलं, वाकून पाहिलं आणि म्हणाले, खडू माग. खडू मिळाला. त्यांनी आधी फडक्याला डिझेल लावून जुना रंग आणि गंज घासून काढला, जागा कोरडी केली, वरून खडू चोळला आणि अलगद पुसला. खोबणीत पांढरी रेघ राहिली. तीनचा हळूहळू आठ झाला.

बाईंनी बॅटरीच्या उजेडात पाहिलं, बोट फिरवून पाहिलं. मग मला विचारलं, हे तुमचे वडील कुठे काम करतात?

"रिटायर्ड आहे म्हणून सांग," बाबा म्हणाले. पण ताठ उभे राहिले.

कर भरून पाट्या यायला आणखी काही आठवडे लागले. दरम्यान तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही. डच पाट्या पिवळ्या. त्या पाहून बाबांनी विचारलं, आता प्रवासी भाडं घ्यायचं का. बाबांच्या परतीच्या आधीच्या शनिवारी आम्ही झीलंडला गेलो, दाइकच्या (समुद्राच्या बांधाच्या) पायथ्याशी गाडी लावली आणि मी शेगडीवर पोहे केले. वारा इतका, की कोथिंबीर ताटलीतून उडाली. बाबांनी खाता खाता आईच्या गोष्टी सांगितल्या. काही मला ठाऊक होत्या, काही नव्हत्या.

कॅम्पर आणायला गेले तेव्हा मला वाटलं होतं, एकदा का ती दारात आली की प्रवास सुरू होईल. तो त्याआधीच सुरू झाला होता, हे मला झीलंडहून परतल्यावर डीमनच्या आमच्या गल्लीत गाडी मागे घेताना कळलं. बाबा खाली उतरून हाताने इशारे करत होते, येऊ दे, येऊ दे, बस. मी इंजिन बंद केलं तरी ते बॉनेटपाशीच उभे राहिले.

"टायमिंग बेल्ट पुढच्या उन्हाळ्यात बदलायला होईल," ते म्हणाले. "इथल्या कुणाला हात लावू देऊ नकोस. मी येतो."