दुःख कसं दिसतं, असं विचारणारी पत्रं

सोमवारी सकाळी माझा नवरा वारला. कराडच्या दवाखान्यातून त्याला गावी नेलं. दुपारी त्याच्या भावाने अग्नी दिला. मी रडले नाही.

आमचं घर कराडजवळच्या मलकापुरात. नवरा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा, मी शाळेचं ग्रंथालय सांभाळते. मूलबाळ नाही. संध्याकाळचा चहा झाला की आम्ही पत्रं वाचत बसायचो. आमची नव्हेत. दीडशे वर्षांमागे इंग्लंडमधल्या एका निसर्गशास्त्रज्ञाने जगभर पाठवलेली आणि त्याला जगभरातून आलेली. आता ती इंटरनेटवर कुणालाही वाचता येतात. त्याची पत्रं नवरा वाचायचा, उत्तरं मी. काही उत्तरं हरवलेली आहेत. तिथे मी गप्प बसायची. नवराही जरा थांबायचा आणि मग पुढचं पत्र उघडायचा.

त्या माणसाचं मला वाटणारं नवल कधी ओसरलं नाही. प्रकृती नाजूक, त्यामुळे तो बहुतेक घरीच असे. पण टेबलापाशी बसून कुणाकुणाला लिही! कबुतरं पाळणाऱ्यांना, माळ्यांना, मिशनऱ्यांना. बी खाऱ्या पाण्यात पडून राहिलं तर नंतर रुजतं का? गांडुळं किती माती वर आणतात? पत्र बोटीने जाणार, महिने लागणार, उत्तर येईलच असंही नाही. तरी तो विचारत राही, आणि कमीपणा न मानता विनवून विचारे.

"एवढा मोठा माणूस, आणि किती गोष्टी ठाऊक नव्हत्या बघ त्याला," नवरा म्हणायचा. त्याच्या तोंडी ही सगळ्यात मोठी स्तुती होती.

एकदा त्या शास्त्रज्ञाने प्रश्नांची एक यादीच परदेशांत पाठवली होती. तुमच्याकडची माणसं नवल वाटल्यावर डोळे विस्फारतात का? लाजल्यावर चेहरा लाल होतो का? राग, किळस, दुःख, सगळ्यांबद्दल त्यात होतं. आणि विनंती अशी, की आठवणीवर विसंबू नका, समोरच्या माणसाकडे नीट बघा आणि मगच लिहा.

गावी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. आमच्याकडे बायका अंगणापासूनच गळा काढत येतात. गेलेल्या माणसाला हाका मारतात, त्याचे गुण सांगतात, घरच्या बाईच्या गळ्यात पडतात. मग डोळे पुसून चहा घेतात आणि उसाला तोड आली का ते विचारतात. त्या रडण्यात विधवेने आपला सूर मिळवायचा असतो. मला ते जमत नव्हतं. एकीने मला रडवायला म्हणून मुद्दाम विचारलं, "आता कोन तुला वाचून दावनार गं?" मी खाली बघत राहिले. मागून कुणीतरी पुटपुटलं, "शिकलेली हाय. हिला कुठलं रडू!"

सासूबाई भिंतीला टेकून बसलेल्या असत. बाकीच्यांच्या बोलण्याचं मला फारसं वाटलं नाही. पण लेक त्यांचा गेला होता. त्याच्यासाठी माझा जीव तुटतोय हे त्यांना कसं कळणार, हा विचार मला आतून पोखरत होता.

दहाव्याच्या आदल्या दिवशी लोणंदहून सासूबाईंची चुलत बहीण आली. थकलेली, नजर कमी झालेली, भाच्यांना पाहून वर्षं लोटलेली. उंबऱ्यातच तिने सूर लावला.

"आरं माझ्या फौजीऽऽ! बर्फात हुबा ऱ्हायलास रं, देशाची राखन केलीस रं माझ्या वाघा!"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. फौजेत आहे तो माझा दीर. भाऊ दवाखान्यात असतानाच तो रजा काढून आला होता आणि आता बाहेर ओट्यावर बसला होता. त्याने दारातून डोकं आत घातलं.

"मावशे, मी हाय अजून. दादा गेला."

म्हातारीने डोळे बारीक करून त्याला न्याहाळलं. "व्हय का? मग आदी सांगायचं न्हाई, मुडद्या!" आणि तशीच वळून तिने परत सुरू केलं, "आरं माझ्या मास्तराऽऽ..."

बायकांना हसू आवरेना. मीही हसले. तोंडाला पदर लावून अंग हलेपर्यंत हसले. बाकीच्या थांबल्या तरी मला थांबता येईना. मग लक्षात आलं, सगळ्या माझ्याकडे बघतायत. इतके दिवस न रडलेली सून हसत होती.

सासूबाई जमिनीवरून सरकत माझ्याजवळ आल्या. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं.

"हसतीयास," त्या म्हणाल्या, "पन कपाळ न्हाई हसत तुझं." अंगठ्याने त्या माझ्या भुवयांच्या मधे हळूहळू चोळत राहिल्या. मग बायकांना म्हणाल्या, "गप ऱ्हावा गं आता. बगा की हिच्याकडं. कवाधरनं रडतीया ही."

त्या यादीत दुःखाबद्दल जवळजवळ हेच विचारलं होतं. ओठांचे कोपरे खाली येतात का, आणि भुवयांची आतली टोकं वर उचलली जातात का. ते वाचलं त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी आरशासमोर उभं राहून एकेक चेहरा करून बघितला होता. राग जमला, नवल जमलं. दुःख काही जमेना. भुवया अख्ख्याच वर जात. "मुद्दाम करता येत नाही, म्हणजे ते खरं असणार," असं नवरा हसत म्हणाला होता.

सासूबाईंचा अंगठा कपाळावर होता आणि मला त्या दूरच्या, कधीच मरून गेलेल्या माणसापुढे हात जोडावेसे वाटत होते. माणसाच्या कपाळावर एवढंसं काही हलतं, ते सगळीकडे सारखंच असतं का, हे त्याला अनोळखी लोकांना पत्रं घालून विचारावंसं वाटलं होतं. आमच्या माजघरात ते होतं. शेजारी बसलेल्या आईला ते दिसलं होतं.

सासूबाई आता मलकापुरात माझ्याकडेच असतात. घरात आम्ही दोघी आहोत, आणि न वाचलेली पुष्कळ पत्रं आहेत.