नियम कुणाचा ते सांगा

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माझा थोरला भाऊ गेला. ताप आला म्हणून इस्पितळात नेला तो घरी परतलाच नाही, आणि आम्हाला त्याचं तोंडही धड बघता आलं नाही. त्यामुळे पेडण्यात आमच्या गावच्या शाळेत लसीकरण सुरू झालं तेव्हा मी रांगेत पुढे होते. सुईला घाबरणाऱ्या आईलाही हाताला धरून नेलं. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं ऐकून कुणाचा गैरसमज व्हायला नको.

मी तेव्हा डिचोलीतल्या औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंगला सुपरवायझर होते. माझ्या हाताखाली बेळगावकडची एक बाई काम करायची. ती ठेकेदाराची कामगार. कारखान्याजवळ भाड्याच्या खोलीत राहायची, नवरा बांधकामावर. मला अक्का म्हणायची. कामाला वाघीण, पण इंजेक्शन म्हटलं की तिचा चेहरा पडायचा, आणि त्याला कारण होतं. लग्नाआधी कधीतरी घसा दुखतो म्हणून घेतलेल्या एका इंजेक्शनानं तिचं तोंड सुजलं, श्वास कोंडला, आणि ती मरता मरता वाचली होती. लसीच्या शिबिरात तिनं हे सांगितलं. डॉक्टरनं तिला सुई टोचलीच नाही. इथं नको, म्हापशाच्या मोठ्या इस्पितळात आधी तपासून घे आणि तिथंच डॉक्टरांच्या नजरेखाली लस घे, असं सांगून परत पाठवलं. तिकडची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली होती.

तेवढ्यात मॅनेजरनं आम्हाला कँटीनमध्ये बोलावलं. सोमवारपासून लस नाही त्याला गेटच्या आत प्रवेश नाही, आणि बाहेर राहिलेल्या दिवसांचा पगार नाही, असं त्यानं सांगितलं. सरकारचा आदेश आहे, माझे हात बांधलेले आहेत, असंही म्हणाला.

मला ते पटेना. त्या संध्याकाळी मी आमच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, सरकार लस घ्या म्हणून सांगतं, शिबिरं भरवतं, हातापाया पडतं, पण सक्ती केलेली नाही. कारखान्यानं आपल्यापुरता नियम केला असेल तर तो कारखान्याचा, आणि त्याचं उत्तर कारखान्यानंच द्यायचं. शिवाय अशा बाईला थांबायची सवलत मिळायलाच हवी.

सोमवारी वॉचमननं मला आत सोडलं आणि माझ्या मागे तिला अडवलं. ती जेवणाचा डबा पोटाशी धरून बाजूला उभी राहिली. मी चार पावलं आत गेले होते. तिथून मागे वळले आणि वॉचमनला म्हटलं, मॅनेजर बाहेर येईपर्यंत मीही आत जाणार नाही. माझ्या हाताखालच्या काही बायका मागे फिरल्या. बाकीच्या मान खाली घालून आत गेल्या. मला त्यांचा राग आला नाही. प्रत्येकीच्या घरी चूल होती.

पॅकिंगची लाईन बंद पडली तसा मॅनेजर बाहेर आला. तो वाईट माणूस नव्हता, पण त्या दिवशी घाईत होता.

"सरकारचा आदेश आहे, बाई. मी काय करणार?"

"सरकारचा असेल तर दाखवा सर, आम्ही मानतो. नसेल तर हा नियम कंपनीचा आहे म्हणून सांगा."

तो एक पाऊल जवळ आला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुमचा भाऊ याच रोगानं गेला ना? आणि तुम्ही लसीच्या आड येता?"

सगळ्यांसमोर कुणी थोबाडीत मारावी तसं झालं. डोळे भरून आले, पण ते पुसायला मी हात वर नेला नाही.

"भाऊ गेला म्हणूनच इथं उभी आहे," मी म्हटलं. "मी लस घेतली ती कुणी दटावलं म्हणून नव्हे. हिलाही घ्यायची आहे. फक्त जिवंत राहून घ्यायची आहे."

त्यानं घड्याळात पाहिलं. शेवटी तो म्हणाला, "नियम कंपनीचा आहे. वरून आलाय."

मला तेवढंच हवं होतं. कंपनीनं नियम करू नये असं माझं म्हणणं नव्हतं, आजही नाही. बंद खोलीत खांद्याला खांदा लावून औषधं भरणारी माणसं, तिथं असा नियम हवाच. पण नियम करणाऱ्यानं तो स्वतःच्या तोंडानं सांगावा आणि अडवलेल्या माणसाचं ऐकून घ्यावं. सरकारचं नाव पुढे केलं की कामगार पुढचा प्रश्नच विचारत नाही, हे कंपनीला चांगलं ठाऊक होतं. मी सांगितलं की हिला तारखेपर्यंत उघड्यावरचं काम द्या, आणि त्या दिवशी कंपनीच्या गाडीनं इस्पितळात पोचवा. वर विचारून सांगतो म्हणून तो आत गेला. आम्ही दुपारपर्यंत गेटसमोरच्या रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर बसून होतो. वॉचमननंच पाणी आणून दिलं.

दोन्ही गोष्टी मान्य झाल्या. तिला गोदामाबाहेरच्या शेडमध्ये खोक्यांना पट्ट्या लावायचं काम मिळालं. तारखेला मी तिच्याबरोबर गेले. लस देऊन तिला तिथंच बसवून ठेवलं. तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटांचे वळ उठले. काही झालं नाही. मग भीती उतरली आणि ती बाकावर बसल्या बसल्या झोपी गेली.

माझी सुपरवायझरी मात्र गेली. मला कच्च्या मालाच्या स्टोअरमध्ये टाकलं. नवरा चिडला. खाणी बंद पडल्यापासून त्याचा खनिज वाहणारा ट्रक दारात उभा होता आणि घर माझ्या पगारावर चाललं होतं. काही दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मग एकदा जेवताना म्हणाला, पुढच्या वेळी मला आधी सांग तरी. पुढची वेळ येणारच हे तो धरून चालला होता.

गावात बातमी पोचली ती भलतीच. मी लसीविरुद्ध कंपनी बंद पाडली म्हणे. एका रविवारी गावातला एक दुकानदार खास माझं कौतुक करायला आला. मी त्याला सोप्यावर बसवलं, चहा दिला, पाववाल्या पोदेराचा गरम पाव पुढे ठेवला. तो म्हणाला, बाय, तू एकटी त्यांना नडलीस, आम्हाला अभिमान आहे. मी विचारलं, तुम्ही लस घेतली का? तो हसला आणि आपण असल्या भानगडीत पडत नाही म्हणाला.

"मग चहा संपवा," मी म्हटलं. "शाळेत आज शिबिर आहे. मी येते बरोबर."

त्यानं चहा तसाच ठेवला आणि चप्पल घातली. तो शाळेकडे गेला नाही, घराकडे गेला. मी मात्र फाटकापर्यंत त्याच्या मागे बोलतच गेले.