शेगडीमागचा बंब

इंग्लंडमधल्या हॅगरली या खाणगावात नेव्हिल उटलीला नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. बायका त्याला ‘तो’ म्हणत, पुरुष ‘फितूर’ म्हणत, आणि पोरंटोरं त्याच्या व्हॅनच्या काचेवर साचलेल्या बर्फात बोटाने तोच शब्द लिहून पळून जात. सकाळी नेव्हिल काच खरवडायचा, बर्फाबरोबर शब्दही खाली पडायचा, आणि तो आजूबाजूच्या गावांत कामाला निघायचा. स्वतःच्या गावात त्याला काम द्यायची कोणाची टाप नव्हती.

गुन्हा एकच. खाणीतला संप वर्षभर चालला होता आणि तो मोडायला तीन आठवडे उरले असताना नेव्हिल कामावर गेला. खिडक्यांना जाळ्या ठोकलेल्या बसमधून, पोलिसांच्या रांगांमधून, एकटा. आपण हरलोय, हे त्याने युनियनच्या बैठकीत उभं राहून सगळ्यांच्या तोंडावर सांगितलं होतं. त्याचं म्हणणं खरं ठरलं, आणि त्यामुळेच लोकांचा राग दुप्पट झाला. पुढे बाकीचे बँड वाजवत, युनियनचा झेंडा मिरवत कामावर परतले, तेव्हा त्याच्या दारावर पांढऱ्या रंगाने हातभर अक्षरं उमटलेली होती. ती रंगवणारा त्याचा सख्खा थोरला भाऊ होता, होरेस. पळून जाणाऱ्यांतला नव्हता तो. नेव्हिलने दार उघडेपर्यंत ब्रश हातात धरून तिथंच उभा होता.

बायको बेरिल त्या उन्हाळ्यात लिंकनला बहिणीकडे गेली ती परत आली नाही. त्यानंतर खाणच बंद झाली. खाणीत नेव्हिल पंपांवर होता; पाणी कुठे अडतं, कशाने अडतं हे त्याला कळायचं. त्याने घराघरांतले बंब आणि त्यांच्या गरम पाण्यावर खोल्या उबदार ठेवणारे रेडिएटर दुरुस्त करायचं काम धरलं. गाव सोडून जावं म्हणून लोकांनी प्रयत्न करायचे काही बाकी ठेवलं नव्हतं, आणि म्हणूनच तो गाव सोडत नव्हता.

संपानंतरच्या दुसऱ्या जानेवारीत थंडीने कहर केला. दूध दारातच गोठायचं. एका दुपारी मागच्या दारावर थाप पडली. बाहेर आयव्ही उभी होती, होरेसची बायको. डोक्याला रुमाल, पायात घरातल्याच सपाता.

“आत यायला नाही आले मी,” ती म्हणाली.

“बोलावलंय कोणी?”

“आमचा बंब भिंतीत धडधडतोय. वरचे रेडिएटर थंडगार. नळ सोडला तर पाणी नाही, नुसती वाफ येतेय.”

“गावात दुसरे फिटर मेले का?”

“तीन ठिकाणी फोन केले. परवापर्यंत कोणी येत नाही. आणि तुझी आई मागच्या खोलीत कोट घालून, दोन गोधड्यांखाली कुडकुडतेय. मला काय हौस आली तुझं तोंड बघायची?”

“होरेसला माहितीय तू इथं आलीस?”

“माहीत असतं तर आले असते का?”

नेव्हिल दार लावायच्या बेतात होता. पण त्याने विचारलं, “शेगडी पेटती आहे?”

“पेटती? सकाळपासून कोळसा लोटतोय तो. म्हणतो, जाळ वाढवला की गरम पाणी आपोआप वर चढेल.”

हे ऐकल्यावर नेव्हिलने कोटसुद्धा घेतला नाही.

ती सगळी यंत्रणा दोघा भावांनीच एका उन्हाळ्यात, खाणीकडून फुकट कोळसा मिळायचा तेव्हा, मिळून बसवली होती. पुढच्या खोलीत शेगडी, शेगडीच्या मागे भिंतीत लोखंडी बंब. त्यातून नळ वर गेलेले, रेडिएटरांना आणि थेट माळ्यावरच्या टाकीपर्यंत. एक नळ टाकीतलं पाणी खाली बंबात आणतो. दुसरा टाकीवर हंसाच्या मानेसारखा वाकून उघड्या तोंडाने उभा असतो, म्हणजे पाणी उकळलंच तर त्याला बाहेर पडायला वाट राहावी. थंडीने हे दोन्ही नळ गोठले आणि खाली जाळ चालूच राहिला, तर तो बंब राहत नाही, सुरुंग होतो.

नेव्हिल रस्त्यातून पळत असताना पडद्यांआडून लोक बघत होते. होरेस दारातच होता, हातात कोळशाचं फावडं.

“तिथंच थांब.”

“शेगडी विझव, होरेस.”

“माझ्या घरात काय करायचं ते फितुराने मला सांगायचं नाही.”

“घर राहिलं तर तुझं म्हणशील ना!”

आत भिंतीत दणका बसला. फडताळातल्या कपबश्या खणखणल्या. होरेसने वळून पाहिलं, आणि मग नेव्हिलच्या डोळ्यांदेखत आत जाऊन, केवळ खुन्नस म्हणून, आणखी एक फावडं कोळसा जाळात टाकला.

नेव्हिल आत घुसला. होरेसची मूठ त्याच्या कानावर बसली आणि डोक्यात घंटा वाजायला लागली, तरी त्याने फावडं हिसकावलं आणि पेटते निखारे राखेच्या बादलीत ओढायला सुरुवात केली. दोनतीन निखारे गालिच्यावर पडले. खोलीभर धूर झाला. मनगटाची कातडी भाजली तसा तो शिवी हासडून पुन्हा वाकला. आयव्ही सपातांनी निखारे चिरडत ओरडत होती, “होरेस, बाजूला हो! हो म्हणते ना बाजूला!”

होरेस स्वयंपाकघरातून पाण्याने भरलेलं पातेलं घेऊन आला आणि ते शेगडीत भिरकावणार, तेवढ्यात नेव्हिलने त्याचं मनगट पकडलं.

“गार पाणी टाकलंस तर लोखंड तडकेल. वाफेने अख्खी भिंत आपल्या अंगावर येईल.”

“सोड हात.”

“पातेलं खाली ठेव.”

दोघे तसेच उभे राहिले. पाणी हिंदकळून दोघांच्या विजारी भिजल्या. भिंतीतले दणके हळूहळू विरळ झाले, मग नुसती करकर राहिली. होरेसने पातेलं खाली ठेवलं, तेही आयव्हीकडे बघत, जणू तिच्याच सांगण्यावरून.

नेव्हिल शिडी लावून माळ्यावर गेला. टाकीवर बर्फाची साय धरली होती आणि वाकड्या नळाच्या तोंडात बर्फाचा गठ्ठा होता. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. माळ्याच्या जमिनीवर सगळीकडे ऊब धरणारी जाड लोकर अंथरलेली होती, टाकीच्या खालीसुद्धा. बसवताना नेव्हिलने टाकीखालची जागा मुद्दाम मोकळी ठेवली होती, म्हणजे खालच्या खोलीची ऊब टाकीला लागत राहावी.

त्याने खाली डोकं काढलं. “टाकीखाली लोकर कोणी कोंबली?”

“मी. माळा माझा आहे.”

“आणि त्याखाली आई झोपते, तिचं काय?”

होरेस राखेची बादली उचलून बाहेर घेऊन गेला.

आयव्हीने गॅसवर आधण ठेवलं. गरम पाण्याच्या रबरी पिशव्या आणि पिळलेले टॉवेल ती शिडीवर देत राहिली आणि नेव्हिल नळांना ते गुंडाळत राहिला, आधी उघड्या तोंडाकडून, मग हळूहळू खाली. टाकीखालची लोकर त्याने ओढून काढली आणि टाकीच्या अंगाला गुंडाळली. दोघांत “दे” आणि “घे” याखेरीज शब्द झाला नाही. बंब हाताला गार लागायला लागल्यावरच त्याने बेताबेताने पाणी सोडलं. मग एकेका रेडिएटरच्या कडेचा स्क्रू किंचित सैल करून तो आत कोंडलेली हवा काढत चालला. हवा फुसफुसत बाहेर यायची, पाण्याचा थेंब दिसला की तो स्क्रू आवळायचा.

उरला मागच्या खोलीतला.

होरेस जिन्यात आडवा उभा राहिला. “तिथं मी जातो. स्क्रूची किल्ली दे.”

“अर्धाच फेरा दे.”

“मला शिकवू नकोस.”

थोड्याच वेळात वरून आईचा आवाज आला, चांगला खणखणीत, “अरे मूर्खा! अरे माझी भिंत!” होरेसने स्क्रू पुरताच काढला होता. काळंकुट्ट पाणी पिचकारीसारखं उडून भिंतीवरच्या फुलाफुलांच्या कागदावरून ओघळत होतं आणि स्क्रू पलंगाखाली गेला होता. नेव्हिलने वर धावत जाऊन भोकावर अंगठा दाबला. होरेस गुडघ्यांवर बसून पलंगाखाली चाचपडू लागला. मागोमाग आयव्हीही दारात आली.

आई उशीला टेकून बसली होती. एडा उटली. नवरा खाणीतल्या धुळीने खोकून खोकून गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी युनियनच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायला हजर झालेली बाई. दोन वर्षांत ती किती बारीक झाली होती, हे नेव्हिलला आत्ता दिसलं.

“आई,” तो म्हणाला.

तिने कपाटाकडे नजर लावली. “आयव्ही, त्या माणसाला सांग, जाताना भिंत पुसून जा म्हणावं.”

होरेसला स्क्रू सापडला. तो नेव्हिलने बसवला, खाली जाऊन थोडासा विस्तव लावला, आणि वर येऊन ओल्या फडक्याने भिंत पुसायला बसला. डाग निघता निघत नव्हते. पुसता पुसता रेडिएटर कोमट झाला, मग चांगला तापला.

“पायांना ऊब लागतेय का?” त्याने तिच्याकडे न बघता विचारलं.

“आयव्ही, त्याला सांग, त्याचा बाप या खोलीतून निघाला तेव्हा खांदा द्यायला रांग लागली होती. त्याला कोण खांदा देतंय ते मी बघणार नाही, एवढंच बरं आहे.”

नेव्हिल फडकं पिळून उठला. दाराशी वळला तेव्हा म्हातारीने गोधडीखालून पाय रेडिएटरच्या बाजूला सरकवले होते. तोंड मात्र अजून कपाटाकडेच होतं.

पुढच्या दारात होरेस म्हणाला, “पुन्हा कधी आम्ही गोठून मेलो तरी येऊ नकोस.”

“पुन्हा असं झालं तर आधी आईला बाहेर काढ, मग खुशाल गोठ.”

दार आपटलं.

गावात गोष्ट पसरली ती अशी, की फितूर जबरदस्तीने घरात घुसला आणि त्याने उटलींचा गालिचा जाळला. दुकानात कोणीतरी आयव्हीला तोंडावर विचारलं, “खरं का गं?” नेव्हिल ब्रेड घ्यायला मागेच उभा होता. आयव्ही म्हणाली, “हो, जाळला.” आणि पिशवी उचलून, त्याला वळसा घालून निघून गेली. खोटं काहीच नव्हतं त्यात. नेव्हिलने ब्रेड घेतला आणि व्हॅनमध्ये बसल्यावर तो इतका करकचून धरला, की त्याचा लगदा झाला.

त्या शरदात आई गेली. त्याला कोणी कळवलं नाही. गावच्या छोट्या चर्चबाहेर, चॅपलबाहेर, अंत्ययात्रेच्या काळ्या गाड्या दिसल्या तेव्हा समजलं. तो घरी गेला, सूट चढवला, आणि प्रार्थना सुरू झाल्यावर आत शिरून शेवटच्या बाकावर बसला. त्या बाकावरची तिघं उठून पुढे गेली. पुढच्या बाकावरचीही उठली. शवपेटी होरेसच्या आणि युनियनच्या माणसांच्या खांद्यावरून बाहेर जाणार होती, तिथं त्याला जागा नव्हती हे त्याला ठाऊक होतं.

मग भजन सुरू झालं. नेव्हिलचा आवाज भरदार, खर्जातला. जुन्या काळी खाणीच्या गायकवृंदात त्याला पहिल्या ओळीत उभं करायचे. तो उभा राहिला आणि मोकळ्या गळ्याने गाऊ लागला. माना वळल्या. एकेक करून लोक गप्प होत गेले, त्याच्या आवाजात आपला आवाज मिसळू नये म्हणून. दुसरं कडवं त्याने जवळजवळ एकट्यानेच म्हटलं.

तिसऱ्या कडव्याला सगळ्यात पुढच्या बाकावरून होरेस गायला लागला. मागे वळून न पाहता, मान ताठ ठेवून, नेव्हिलला बुडवायचं म्हणून जितका चढेल तितका आवाज चढवून. नेव्हिलने आपला आणखी चढवला. दोघांच्या मध्ये गाव तोंड मिटून उभं होतं आणि ऑर्गन वाजवणाऱ्या बाईला त्या दोघांना गाठता गाठता धाप लागत होती.