घाटातली चार वळणं

“मोटारीत कुणीच नव्हतं हो. बायका होत्या.”

परभणीच्या आमच्या घरी व्हरांड्यात चहा पीत बसलेल्या अंमलदारांपैकी एक जण हे बोलला. मी दाराच्या चिकाच्या पडद्याआड उभी होते. कुणी हसलं नाही, कारण त्याने थट्टा केलीच नव्हती. मधल्या खुर्चीत माझे वडील, नाना, बसले होते; समोर चांदीचा चषक. आणि खाली पायरीशी बोरीचा स्वार, टोपी हातात घेऊन.

हा स्वार नानांच्या कचेरीचे कागद सायकलवरून बोरीहून जिंतूरला न्यायचा. दुसऱ्या महायुद्धाच्या आदल्या हिवाळ्यात अंमलदारांच्या क्लबाने तीन दिवसांची सायकल शर्यत ठेवली, तेव्हा त्यानेही नाव दिलं. पहिल्या दिवशी परभणीहून बोरीवरून जिंतूर. दुसऱ्या दिवशी डोंगर चढून, येलदरीला पूर्णा ओलांडून हिंगोली. तिसऱ्या दिवशी वसमतवरून परत. तिन्ही दिवसांचा वेळ मिळून ज्याचा कमी, त्याचा चषक. दादाला, माझ्या थोरल्या भावाला, विलायतेहून आलेली नवी सायकल होती. स्वाराकडे कचेरीचीच जड सायकल. तरी पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी तोच पुढे होता. दुसऱ्या दिवशी मात्र दादाने घाटात त्याला इतकं मागे टाकलं की चषक दादाकडे आला.

“हुजूर, म्या खालच्या वळणावरून बघितलं,” स्वार म्हणत होता. “धाकले मालक मोटारीला धरून चढायलते. कप नको मला. पर हे बराबर न्हाई.”

“डोळ्यांत घाम गेला असेल,” कुणीतरी म्हणालं. “चढ लय होता न्हवं का रे?”

आता सगळे हसले.

ड्रायव्हरला विचारलं. “मागं नुसता धुराळा, साहेब. मला काय दिसतंय?”

मग नानांनी मान न वळवता आतल्या बाजूला विचारलं, “आक्का, तुम्हाला काही दिसलं?”

“मला मेलीला डोळा लागला होता,” आत्या माझ्या शेजारून म्हणाली.

मला कुणी विचारलं नाही. मला बरं वाटलं, हेही लिहायला हवं.

शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी, ती बघायला निघालेली आमची मोटार घाटात एवढी हळू का चालली आहे, हे मला कळत नव्हतं. शर्यतीच्या बाकी लोकांना आमची तोंडं दिसू नयेत म्हणून चहूबाजूंनी पडदे लावले होते. मी मागचा पडदा बोटभर सरकवला. हातभर अंतरावर दादा होता. डावा हात स्टेपनीच्या कडीत, पाय पॅडलवर नुसते ठेवलेले. त्याने मला पाहिलं आणि हात काढला नाही. उलट डोळा मिचकावला. एक वळण गेलं, दुसरं, तिसरं. चौथ्याला आत्या माझ्या खांद्यावरून वाकली, बाहेर बघितलं आणि म्हणाली, “पडदा सोड. ऊन येतंय.” मी सोडला.

“माफी माग आणि कामाला लाग,” नाना स्वाराला म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. “नाहीतर पट्टा काढून ठेव.”

“माफी कशापायी, हुजूर?”

स्वाराने कमरेचा पितळी बिल्ल्याचा पट्टा सोडला, घडी घालून पायरीवर ठेवला. सायकल कचेरीची, ती लिंबाला टेकवलेलीच राहिली. तो चालत निघाला. बोरी तिथून दिवसभराच्या चालीवर आहे.

मग नानांनी मला बाहेर बोलावलं. चषक हैदराबादच्या गोऱ्या साहेबाने दिलेला, तेव्हा त्याला हकिगत इंग्रजीत कळवायला हवी. मी तिथल्या इंग्रजी शाळेत इतकी वर्षं काढली, पण माझ्या इंग्रजीचा घरात उपयोग झाला तो त्या दिवशी पहिल्यांदा. नाना सांगत गेले : पराभव सहन न होऊन एका नोकराने खोटा आरोप केला, सबब त्यास कामावरून कमी केलं. ‘खोटा’ला मला तीन शब्द सुचले. त्यातला सर्वांत भारदस्त मी निवडला.

“अक्षर बघा पोरीचं,” नाना म्हणाले. कागद हातोहात फिरला. दादाने माझ्या पाठीवर थाप मारली. लखोटा बंद झाला आणि शिपाई तो घेऊन स्टेशनकडे गेला.

स्वार पुन्हा कामावर आला नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं कुणी माझी धिटाई समजणार नाही. लखोटा फाटकाबाहेर जाईपर्यंत मी गप्प होते.

“बोल, तुला काय बक्षीस देऊ?” नानांनी सर्वांसमोर विचारलं. त्या घरात मला ‘बोल’ असं फारसं कुणी म्हणत नसे.

“त्याला परत बोलवा, नाना. दादाने चार वळणं आमच्या मोटारीला धरून काढली. मी पाहत होते. आत्याही जागी होती.”