पिवळं पडलेलं रोप

डॉक्टरकीच्या ‘नीट’ परीक्षेच्या तिसऱ्या प्रयत्नासाठी दुसऱ्या दिवशी मला लातूरला क्लासला निघायचं होतं. लोह्यातल्या आमच्या खत-औषधांच्या दुकानात एका शेतकऱ्याने सोयाबीनचं पिवळं रोप काउंटरवर ठेवलं. पप्पांनी बुरशीनाशकाची बाटली काढली.

“काका, ही बुरशी न्हाई. अळीनं खोड पोखरलंय.”

हे मी बोलले होते! पाहुणे आले की आतल्या खोलीत जाणारी, इंग्रजी शाळेत शिकलेली मी. पण दुकानात येणारी रोगट रोपं मी लहानपणापासून बघत आले होते.

शेतकऱ्याने खोड चिरलं. आत अळी होती.

“मालक, तुमच्यापेक्षा पोरगीच हुशार हाय की!”

पप्पा माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसे बघत राहिले. माझा हा आवाज पुन्हा गप्प होईल या भीतीने मी घाईने म्हणाले, “पप्पा, उद्या मी लातूरला जाणार नाही. मला शेतीचं शिकायचंय.”