शिल्लक राहिलेल्या गोळ्या

पुण्याहून निघताना सामान असे एकच होते: कोटाच्या खिशातली गोळ्यांची बाटली. माझी पत्नी कुसुम जाऊन चार महिने झाले होते. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी सुकण्याचा तिचा आजार. या परदेशी गोळ्यांवरच ती तगून होती. तोच आजार असलेली एक बाई उल्हासनगरच्या निर्वासित छावणीत आहे, उरलेल्या गोळ्या तिला पोचवा, असे डॉक्टरांनी कळवले होते.

कर्जतला गाडी बदलून बदलापूरला उतरलो. कापणी झालेली खाचरे, पलीकडे उल्हास नदी, आणि स्टेशनात कुसुमचे भाऊ दिगंबरराव. ते अंबरनाथच्या कारखान्यात अधिकारी. हाताखाली माणसे असली की सल्ला देण्याची खोड जडते. वालाचे बिरडे वाढता वाढता म्हणाले, "भाऊजी, मी कळवलं तसं ताईला लंघन दिलंत, तेच बरोबर. तापात उष्ण गोळ्या नि मीठ म्हणजे विषच. नशीब, दुसरं काय!"

बिरडे उत्तम होते. त्या जेवणात खरे तेवढेच.

सकाळी त्यांनी अंबरनाथचे शिवालय पाहण्याचा आग्रह धरला. मी टांगा थेट छावणीकडे नेला. युद्धकाळच्या लष्करी बराकी, आत गोणपाटाचे पडदे, बाहेर बाजांवर वाळणारे पापड. "साईं (महाराज), बैठो," म्हणत त्या आजारी बाईच्या नवऱ्याने, लछमनदासांनी, पापड आणि पाणी पुढे ठेवले. पडद्याआड त्यांची पत्नी कमला टाचेची जखम चिघळून तापाने फणफणली होती. उशाशी अळणी पेज.

"तीन दिन से दवा बंद," सासू म्हणाली. "बुखार में गरम दवा कौन देता है?"

दिगंबरराव सिंध्यांतही जन्म घेतात तर!

"उलटा है," मी म्हणालो. "बुखार में गोली दुगनी, और नमक. बंद कभी नहीं."

"डॉक्टर हो?"

"मास्टर."

"तो बच्चों को पढ़ाओ!" म्हातारी हसली.

लछमनदास बाटली निरखत होते. "इतनी महँगी गोलियाँ बचीं कैसे, साईं? बीबी ठीक हो गई?"

"नहीं. बुखार आया, तो हमने बंद कर दीं. इसलिए बचीं."

म्हातारीचे हसू मावळले. तिने पाण्यात मीठ कालवले. लछमनदासांनी बाटली उघडली. त्याच टांग्यातून कमलाला कल्याणच्या इस्पितळात नेले. इंजेक्शन झाले, जखम धुतली. दिवेलागणीला तिने क्षीण आवाजात पापड मागितला.

बदलापूरला परतलो, तर दिगंबररावांचा पहिला प्रश्न: "देऊळ पाहिलंत?" नाही म्हटल्यावर पुण्य हुकल्याबद्दल हळहळले.

परतीच्या गाडीत त्यांना मनातल्या मनात मनसोक्त हिणवावे, असे ठरवले होते. जमले नाही. त्यांचे अज्ञान तरी प्रामाणिक होते. डॉक्टरांच्या सूचनांचा कागद पुण्याच्या कपाटात बाटलीशेजारीच होता. कुसुमच्या तापात तो मी दोनदा वाचला होता, आणि बाटलीचे बूच मीच लावले होते.